काय हवं, कुणाकडून, कधीपर्यंत

निर्मलाताई आगाशे यांची आणि माझी ओळख एका परत आलेल्या अर्जामुळे झाली. माउंट रॉस्किल या इथल्या उपनगरातल्या एका छोट्या सभागृहात ताई दर शनिवारी सकाळी प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवतात, एवढेच मी ऐकले होते. नाशिकहून कायमची माझ्याकडे राहायला आलेल्या आईचे नाव मला तिथे घालायचे होते. प्रवेशअर्ज मी घरीच भरून नेला. स्वच्छ अक्षर, एकही रकाना रिकामा नाही. ताईंनी चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिला आणि आईला विचारले, "हे अक्षर तुमचं?"

"नाही, लेकीचं. तिचं अक्षर पहिल्यापासून छान."

"छानच आहे. पण लेकीला इंग्रजी येतं. तिला प्रवेश देऊन मी काय करू?"

त्यांनी कोरा अर्ज काढून आईसमोर ठेवला, पेन तिच्या हातात दिले आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. आईने आमच्या रस्त्याच्या नावात एक अक्षर गाळले. मी बोट पुढे केले.

"गाडी कुठे लावलीय तुम्ही?" ताईंनी मला विचारले.

"समोरच."

"मग तिच्यात जाऊन बसा जरा. ऊन छान पडलंय."

तो अर्ज पूर्ण व्हायला तीन शनिवार लागले. अपुरा अर्ज ताई घेत नाहीत आणि दुसऱ्याने भरलेला तर नाहीच. तीन शनिवार आई वर्गात बसली, पण हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. चौथ्या शनिवारी ते चढले. त्या दिवशी तिने घरी येऊन शिरा केला. मला त्या वेळी हा सगळा प्रकार अनावश्यक वाटला होता.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिक्षकी पेशाविषयी आणि आपल्या मंडळातल्या कामाविषयी माझ्यापेक्षा अधिकारी माणसे लिहितीलच. मी मापनयंत्रे तपासण्याचे काम करते. जे स्वतः पाहिले नाही त्याची नोंद करू नये, हा आमच्या कामातला पहिला नियम आहे. म्हणून गेल्या चार वर्षांत त्या सभागृहात आणि आमच्या घरात जे पाहिले, तेवढेच इथे लिहिते.

ताई पुण्याच्या एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली काही पाने; परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा विषय. एकदा सभागृहातल्या खुर्च्या रचताना त्या मला म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं मी मुलांकडून ग्रामपंचायतीची रचना पाठ करून घेतली. नळाला पाणी आलं नाही तर नेमकं कुणाला सांगायचं, हे एकानंही विचारलं नाही. बरं झालं. मलाही माहीत नव्हतं."

निवृत्तीनंतर ताई इथे मुलाकडे, शेजारच्या हिल्सबरोला आल्या. घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद पडला, तेव्हा मुलाची वाट न पाहता त्यांनी स्वतः फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारले, खांबाचा नंबर काय? ताई चप्पल घालून बाहेर गेल्या, खांबाभोवती फिरल्या, तर खरोखरच एका छोट्या पट्टीवर नंबर होता. दिवा दुरुस्त झाला. ही गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा अजूनही उजळतो. "खांबाला नंबर असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं! म्हटलं, असे आणखी किती नंबर असतील?" त्या शोधातून हा वर्ग निघाला. वर्ग नावाला इंग्रजीचा असला, तरी तिथे जे शिकवले जाते ते बहुतांशी खांबाचा नंबर कसा शोधायचा हेच असते.

फळ्यावर तीन ओळी कायम असतात, त्या कुणी पुसत नाही. काय हवं? कुणाकडून? कधीपर्यंत? डॉक्टरची वेळ, बसच्या कार्डावरचे जास्तीचे कापले गेलेले पैसे, उचलून न नेलेला कचऱ्याचा डबा, शाळेला पाठवायची चिठ्ठी, काहीही असो, या तीन प्रश्नांची उत्तरे झाल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. व्याकरण नंतर. उच्चारांबद्दल त्यांचे मत ठरलेले आहे. मिस्टर लिन नावाचे एक सत्तरीचे गृहस्थ दर शनिवारी "किया ओरा!" असा इथला नमस्कार मोठ्याने करत वर्गात येतात. त्यांनी एकदा इथल्या लोकांसारखे उच्चार शिकवा म्हणून आग्रह धरला. ताई म्हणाल्या, "उच्चार तुमचेच राहू द्या. प्रश्न पूर्ण विचारा."

प्रत्येक जण या तिन्हींपैकी कुठल्या तरी एका प्रश्नावर अडखळतो, हे माझ्या लक्षात आले. काय हवे ते मिस्टर लिनना पक्के ठाऊक असते. ते कुणाकडे मागायचे हे मात्र नसते. काबूलहून आलेली फरीदा योग्य माणसापर्यंत बरोबर पोचते आणि मग तिथे वेगळेच बोलून परत येते. माझी आई तिसऱ्या प्रश्नावर अडते. "आधी मागायचीच लाज," ती म्हणाली, "त्यात वर मुदत घालायची?"

ताई वर्गाला बाहेरही नेतात. एका शनिवारी सगळ्यांनी बसने सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर जायचे, काही तरी विकत घ्यायचे आणि परक्या माणसाला एक प्रश्न विचारून उत्तर लिहून आणायचे, असा पाठ होता. आई अर्धा किलो बर्फी घेऊन सगळ्यांच्या आधी परतली. ताईंनी पावती पाहिली, बर्फीचा एक तुकडा खाल्ला आणि विचारले, "दुकानदाराशी कुठल्या भाषेत बोललात?"

आईने बर्फीचा डबा आणखी पुढे सरकवला.

"बर्फी उत्तम. गुण शून्य."

आईला पुन्हा जावे लागले. या वेळी ती कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या छोट्या किराणा दुकानात गेली आणि मालकाला रविवारी दुकान किती वाजता उघडते ते विचारून आली. उत्तर कागदावर होते. आमच्या फ्रिजवर तो कागद अजून आहे, चुंबकाखाली.

मला त्यांनी वर्गात कसे ओढले, तेही सांगायला हवे. मी आईला सोडायला येई आणि मागे बसून लॅपटॉपवर काम करी. एक दिवस ताई जवळ आल्या. "तुझा चेहरा कामाचा आहे," त्या म्हणाल्या. एव्हाना त्या मला अगं-तुगं करू लागल्या होत्या. "हसत नाहीस, घाईही करत नाहीस. काउंटरवर तू बस." तेव्हापासून वर्गातली सगळी कार्यालये मी चालवते. मी बँक असते, दवाखान्याची खिडकी असते, वीज कंपनी असते. सूचना एवढीच, की कुणाला मुद्दाम छळायचे नाही आणि कुणाला सोडायचेही नाही. पहिल्या दिवशी मी फरीदाला जरा जास्तच तोडून बोलले, तेव्हा ताईंनी पाठ थांबवला. "काउंटरपलीकडचा माणूसही नोकरीवर आलेला असतो," त्या वर्गाला म्हणाल्या, "तो तुमचा शत्रू नाही, मामाही नाही. त्याला त्याचं काम करू द्या." सांगितले वर्गाला, पण बघत माझ्याकडे होत्या.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते.

आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मागची खोली आईची. दुसऱ्या हिवाळ्यात तिचा खोकला वाढला आणि छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, खोलीत ओल आहे का बघा. ओल होती. मी तिथे आर्द्रता नोंदवणारे छोटे यंत्र लावले. आलेखाची रेघ वरच वर चालली होती. मी घरमालकाच्या एजंटला आलेखासह पत्र लिहिले. उत्तर आले, की दर तीन महिन्यांनी घराची तपासणी होते, तीनही तपासण्यांत भिंती कोरड्या आणि स्वच्छ आढळल्या आहेत, घरातल्या व्यक्तीने काही तक्रार नसल्याचे सांगितले आहे, तरी कपडे घरात वाळवत असाल तर वाळवू नयेत.

आईने ते पत्र माझ्याकडून समजून घेतले आणि मान हलवली. "मला परत पाठव," ती म्हणाली. "नाशिकला कोरडं तरी आहे." बाबा गेल्यापासून तिथला फ्लॅट बंद होता. तिथे ती एकटी राहणार होती. पुढचा हिवाळा सुरू व्हायच्या आत जायचे, असे तिने ठरवून टाकले. कपाटावरची बॅग काढून पलंगाशी ठेवली आणि त्यात एकेक वस्तू भरू लागली. मी बॅगेकडे बघायचे टाळत होते आणि आलेखाकडे बघत होते.

आलेखात एक विचित्र गोष्ट होती. यंत्र लावल्यानंतर झालेल्या तपासणीच्या दिवशी सकाळी रेघ एकदम खाली आली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेली होती. मला वाटले, यंत्रात दोष आहे. ते कामावर नेऊन तपासले. दोष नव्हता. पुन्हा तपासले. पुन्हा नव्हता. यंत्राला मी दोनदा विचारले. त्या दिवशी घरात असलेल्या माणसाला एकदाही विचारले नाही.

उत्तर वर्गात मिळाले. ताईंनी "घराची तपासणी" हा पाठ घेतला. तो त्यांनी योगायोगाने निवडला होता की माझा चेहरा बघून, हे मी त्यांना विचारले आहे. त्या सांगत नाहीत. मिस्टर लिन झाले एजंट, आई झाली भाडेकरू. वर्गातले बोलणे अर्थातच इंग्रजीत झाले. इथे ते मराठीत देते आणि मोडकेपणा शक्य तितका तसाच ठेवते.

मिस्टर लिन यांनी फाइल छातीशी धरून हवेतच दार ठोठावले. आईने दार उघडले, ओढणीच्या टोकाने टेबल पुसले, खुर्ची पुढे केली.

"या, या. बसा. चहा?"

"धन्यवाद. घर कसं आहे?"

"छान. फार छान. सगळं ठीक."

"भिंत?"

"भिंत छान. साखर किती?"

"दोन," मिस्टर लिन म्हणाले. मग नसलेला चहा चवीने पिऊन त्यांनी कागदावर सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. वर्ग हसत होता. ताई हात मागे बांधून उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "मिस्टर लिन, काय काय आढळलं?"

"काही नाही. उत्तम घर. उत्तम चहा."

"घर कोरडं आहे?"

आईच्या आधी फरीदा बोलली. "नाही. तिची भिंत काळी आहे. तिने मला सांगितलं आहे. ती पुसते."

आई खाली बघू लागली. मग तिने काउंटरकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाली, "पाहुणे येणार म्हटल्यावर भिंत पुसायची नाही का गं? सकाळपासून खिडक्या उघड्या टाकते. बुरशीचा वास यायला नको म्हणून उदबत्ती लावते. घरात आलेल्या माणसाला बुरशी दाखवायची का?"

ताईंनी ते वर्गाला इंग्रजीत सांगितले. आता हसणे थांबले होते. फरीदा म्हणाली, "मी कपाट सरकवते. कपाटामागे भिंत हिरवी आहे." मिस्टर लिन काही वेळ फाइलशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "मी रंग देतो. दर वेळी. पांढरा."

वर्गात पाच देशांची माणसे होती आणि एकेकाने सांगितले, तशी सगळ्यांनी एकच गोष्ट केली होती. मला ते फार कुतूहलाचे वाटले. त्या क्षणी रागही आला, हेही नोंदवते. ताईंना राग आला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "स्वच्छता ठेवणं ही चूक नाही. पण हा माणूस पाहुणा नाही. हा बघायला येतो. त्याला बघू द्यायचं."

त्यानंतर आम्ही मालकाला चौदा दिवसांत दुरुस्ती करा अशी रीतसर नोटीस दिली. काही झाले नाही. मग घरमालक-भाडेकरूंचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मध्यस्थाकडे अर्ज केला आणि फोनवर सुनावणी ठरली. मी माझे आलेख, तारखा आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेली फाइल तयार करून ताईंना दाखवली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण ते तपासणीचे तीन कागद पुढे ठेवतील. त्यावर तुझ्या आईनं सांगितलेलं लिहिलंय. त्याचं उत्तर आलेख कसा देणार?"

"मी देईन."

"तू त्या दिवशी घरात होतीस?"

मी नव्हते.

आईला बोलायचे नव्हते. तिला दोन भीती होत्या. एक, तक्रार केली म्हणून घर गेले तर? ताईंनी उत्तर दिले नाही. भाडेकरूंच्या हक्कांचे पत्रक आणून तिच्यासमोर ठेवले आणि ते वाक्य तिलाच शोधायला लावले. सबंध वर्ग शोधत होता. तक्रार केल्याबद्दल सूड म्हणून घर खाली करायला सांगता येत नाही, ही ओळ शेवटी फरीदाला सापडली. आईने ती दोनदा वाचली आणि खाली पेनने रेघ ओढली. दुसरी भीती कुठल्याही पत्रकात नव्हती. आपले घर घाण होते, असे परक्या माणसासमोर आपल्या तोंडाने म्हणायचे. ताई आणि आई त्यावर काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी विचारले, तेव्हा ताई म्हणाल्या, "तुझी आई माझ्याशी काय बोलली, ते तुझ्या आईला विचार." त्यांच्या स्वभावातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. या शहरात आपली माणसे एकमेकांना ओळखतात आणि गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. ताईंकडे सांगितलेली गोष्ट ताईंकडेच राहते.

सुनावणीच्या दिवशी मी रजा घेतली. ताई बस बदलून ठरल्या वेळेच्या तासभर आधी आमच्याकडे आल्या. सुनावणीचा विषयही त्यांनी काढला नाही. पिशवीतून अर्धवट विणलेला स्वेटर काढला आणि आईला म्हणाल्या, "सुमनबाई, ही बाही माझ्याकडून सारखी चुकतेय. जरा उसवून द्या." आई तासभर उसवत आणि विणत बसली. फोन वाजला तेव्हा तिचे हात स्थिर होते.

मध्यस्थ सौम्य आवाजाची बाई होती. माझे आलेख तिने नीट ऐकून घेतले. मग एजंटने अपेक्षेप्रमाणे तीन कागदांचा उल्लेख केला. मध्यस्थ बाईंनी विचारले, "आईंना विचारते. तीनही वेळा आपण सगळं ठीक आहे असं का म्हणालात?"

आई गप्प राहिली. माझ्या मते फार वेळ. मी श्वास घेतला आणि तोंड उघडले. ताईंचे हात नेहमीप्रमाणे मागे होते. चार वर्षांत ते पुढे आलेले मी त्या एकाच दिवशी पाहिले. त्यांनी माझे मनगट धरले, चांगले घट्ट.

आई इंग्रजीतच बोलली. शब्द सुटे सुटे होते, पण एकही सॉरी नव्हते.

"आमच्या घरी पाहुणा येतो, आम्ही साफ करतो. मला वाटलं, हा पाहुणा आहे. म्हणून मी भिंत पुसली. तीन वेळा. आणि म्हटलं, ठीक आहे. ते खरं नव्हतं. तो पाहुणा नाही, त्याचं काम बघायचं आहे. आता चार आठवडे मी पुसलं नाही. भिंत काळी आहे. मला खोकला आहे. तुम्ही या आणि बघा."

एजंट म्हणाला, "बरोबर आहे. प्लंबरला घेऊन येतो."

"कधीपर्यंत?" आईने विचारले.

"लवकरच."

"लवकर नाही. तारीख."

त्याने शुक्रवार सांगितला. आईने तो लिहून घेतला, वाचून दाखवला आणि मग इथल्या पोरांसारखी म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. मध्यस्थ बाई हसल्याचे फोनवर स्पष्ट ऐकू आले.

शुक्रवारी एजंट प्लंबरला घेऊन आला. न्हाणीघराच्या आणि आईच्या खोलीच्या मधल्या भिंतीत पाण्याचा पाइप झिरपत होता. भिंत उघडली, पाइप बदलला, भिंत पुन्हा बंद केली. आईने त्यांना चहा दिला, पण काम तपासून झाल्यावर. आलेखाची रेघ तीन आठवड्यांत खाली आली आणि खालीच राहिली. आणखी दोन हिवाळे गेले. नाशिकचे तिकीट काढलेच नाही. पलंगाजवळची बॅग पुन्हा कपाटावर गेली आहे. तिच्यात आता उन्हाळ्यात न लागणाऱ्या रजया असतात.

मी ताईंना धन्यवाद द्यायला गेले, तेव्हा त्यांनी मला विचारले, "मी काय केलं?" हा विनय नव्हता. त्यांना खरेच नोंद हवी होती. मी विचार करून सांगितले, "माझं मनगट धरलंत." त्या म्हणाल्या, "हं. तेवढं केलं खरं." आणि खुर्च्या रचायला लागल्या.

त्यांच्याकडे एक छोटी वही असते. त्यात त्या काय लिहितात याचे मला बरेच दिवस कुतूहल होते. गेल्या महिन्यात त्यांनी ती दाखवली. त्यात फक्त विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न आहेत. शेजाऱ्याचे झाड आपल्याकडे आले तर फळ कुणाचे? कुत्रा भुंकतो हे आधी कुणाला सांगायचे? मत कुणाला दिले हे मुलगा विचारतो, सांगावेच लागते का? ज्यांची उत्तरे ताईंना अजून मिळालेली नाहीत, त्यांपुढे एक ठिपका आहे. ठिपके पुष्कळ आहेत. पंचाहत्तराव्या वर्षी या बाई त्यातल्या एकेका ठिपक्यासाठी वाचनालयात जातात, फोन करतात, रांगेत उभ्या राहतात. शिक्षकाला उत्तरे माहीत असावी लागतात, असे मी समजत होते. ताईंना प्रश्न पाठ असतात.

हा लेख लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "शेवटी शुभेच्छा असतात ना? त्या मी लिहिते. तू गाडीत जाऊन बस." मी अंगणात बसले. तिने लिहिलेला कागद अक्षरही न बदलता पुढे देत आहे. ताईंनी तो वर्गाच्या नियमांनुसार तपासावा.

*काय हवं: निर्मलाताईंना निरोगी, लांब आयुष्य. गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत चांगले. दर शनिवारी वर्ग.*

*कुणाकडून: देवाकडून. थोडं ताईंच्या डॉक्टरकडून. थोडं ताईंकडूनच, त्यांनी पावसात बसने येऊ नये, फोन करावा, आम्ही न्यायला येऊ.*

*कधीपर्यंत:*

हा रकाना आईने मुद्दाम रिकामा सोडला आहे. अर्ज अपुरा आहे हे आम्हा दोघींना माहीत आहे. ताईंनी तो परत करू नये.